डॉकर शिकताना: कंटेनरचा लोकलहोस्ट वेगळा असतो

डॉकर म्हणजे अ‍ॅप, त्याला लागणाऱ्या सगळ्या गोष्टींसह, ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन. सरावाला छोटंसंच अ‍ॅप घ्या: ठाणे-वाशी लोकलचं वेळापत्रक दाखवणारं, नोडमधलं (म्हणजे ब्राउझरबाहेर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधलं), डेटा पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. विंडोज असेल तर आधी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवण्याची सोय) चालू करा, मग डॉकर डेस्कटॉप बसवा. आपल्या लिनक्स कंटेनरना लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, लागतोच, तो इथून मिळतो. ‘डॉकर रन हॅलो-वर्ल्ड’ चाललं की पुढे जा.

इमेजेस (कंटेनर ज्यांवरून बनतात ते तयार साचे) घरच्या वायफायवर उतरवून ठेवा. ऐरोली-घणसोलीदरम्यान हॉटस्पॉटवर हा उद्योग नको. नोडची पूर्ण इमेज उघडल्यावर एक जीबीच्या वर जाते, ‘स्लिम’ पाव जीबीच्या आसपास. अल्पाइन आणखी लहान, पण त्यात जीलिबसी या नेहमीच्या सी लायब्ररीऐवजी मसल नावाची वेगळी लायब्ररी असते आणि काही पॅकेजेस तिथे अडतात. नवशिक्याने ‘स्लिम’च घ्यावी.

डॉकरफाइलमध्ये, म्हणजे इमेज कशी बनवायची ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, ओळींचा क्रम महत्त्वाचा. फ्रॉम, वर्कडिर, मग फक्त पॅकेज.जेसन आणि लॉक फाइल (लागणाऱ्या पॅकेजेसच्या याद्या) कॉपी, मग ती पॅकेजेस बसवणारं ‘रन एनपीएम सीआय’, त्यानंतर बाकीचा कोड. या ओळींतून इमेजचे थर बनतात; एक थर बदलला की त्यानंतरचे सगळे थर नव्याने बनतात. कोड आधी कॉपी केलात, तर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळी पॅकेजेस पुन्हा उतरतील. डॉट-डॉकरइग्नोरमध्ये (इमेजमध्ये न्यायच्या नसलेल्या गोष्टींची यादी) नोड_मॉड्यूल्स, म्हणजे बसवलेली पॅकेजेस, आणि डॉट-ईएनव्ही ही पासवर्डची फाइल टाका. नाहीतर विंडोजसाठी बनलेली मॉड्यूल्स लिनक्समध्ये जातात, आणि पासवर्ड इमेजमध्ये.

आता खरी गोची. ‘डॉकर रन’ला दिलेल्या ‘-पी ८०८०:३०००’ मधला डावा आकडा लॅपटॉपच्या पोर्टचा (नेटवर्कवरच्या दाराचा), उजवा कंटेनरच्या. आकडे बरोबर असूनही पान उघडत नसेल तर अ‍ॅप बहुधा १२७.०.०.१ वर, म्हणजे लोकलहोस्टवर (‘हेच यंत्र’), ऐकतंय. तो पत्ता कंटेनरच्या आतलाच, बाहेरून कोणी पोचत नाही. तिथे ०.०.०.० (सगळे पत्ते) करा. हेच कोडं डेटाबेसशी उलट दिशेने पडतं: अ‍ॅपने ‘लोकलहोस्ट:५४३२’ (५४३२ हा पोस्टग्रेसचा पोर्ट) मागितलं की ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’, कारण त्या कंटेनरमध्ये पोस्टग्रेस नाहीच. कंपोज फाइलमध्ये (अनेक कंटेनर एकत्र चालवायची मांडणी) डेटाबेसच्या सर्व्हिसचं नाव ‘डीबी’ असेल तर होस्टही ‘डीबी’. बाहेर ५४३३ उघडलं असलं तरी आत पोर्ट ५४३२च.

डेटाबेस आधी सुरू व्हावा म्हणून कंपोज फाइलमध्ये नुसतं ‘डिपेंड्स_ऑन’ लिहून पुरत नाही. ते कंटेनर सुरू होण्याची वाट बघतं, डेटाबेस तयार होण्याची नाही. ‘पीजी_इजरेडी’चा हेल्थचेक (डेटाबेस तयार आहे का ते तपासणं) लावा आणि अट ‘सर्व्हिस_हेल्दी’ ठेवा.

डेटा टिकायला नाव दिलेला व्हॉल्यूम (कंटेनर गेला तरी राहणारी साठवण) हवा. पोस्टग्रेस १७ पर्यंत तो ‘/व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/डेटा’वर जोडतात, १८ पासून शेवटचं ‘/डेटा’ गाळून. जुनी कंपोज फाइल १८ वर जशीच्या तशी चालवू नका.

पोस्टग्रेस_पासवर्ड, म्हणजे कंपोज फाइलमधला डेटाबेसचा पासवर्ड, फक्त पहिल्यांदा, रिकाम्या व्हॉल्यूमवर लागू होतो. नंतर फाइलमध्ये बदलून काही होत नाही, जुनाच चालतो. मग तो डेटाबेसमध्ये शिरून ‘ऑल्टर युजर’ने बदला. टाकाऊ डेटा असेल तरच ‘डॉकर कंपोज डाउन -व्ही’; त्यातल्या ‘-व्ही’ने व्हॉल्यूमही उडतो, आणि डॉकर त्याआधी विचारत नाही.