तुरीच्या पानातला आरएनए मोजताय? मग या चुका टाळा

नवीन बॅच आली की माझ्याकडे ठरलेला प्रश्न येतो, "सर, जीन एक्स्प्रेशन करायचंय, किती दिवसांत होईल?" म्हणजे कुठलं जनुक किती चालू आहे, ते त्याच्या आरएनएवरून मोजायचं. विषय बहुतेक दुष्काळाचा. मराठवाड्यातल्या पोरांनी दुसरा कुठला घ्यावा? तूर, सोयाबीन, कपाशी घ्यायची आणि पाऊस ताणला की पेशीत काय काय हलतं ते शोधायचं. विषय सोन्यासारखा आहे. पण दरवर्षी त्याच त्या चुकांनी त्याची माती होते, आणि आरएनए मोजायच्या पीसीआर मशीनपाशी पोचायच्या आतच ती झालेली असते. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो.

पान तोडलं की ते थांबलं, असं समजू नका

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे, म्हणून हिच्यावर जरा जास्त बोलतो.

तोडलेलं पान जिवंत असतं. देठाला जखम झाली, खालून येणारं पाणी तुटलं, पिशवीत अंधार झाला, बर्फाचा गारवा लागला, हे सगळं त्यातल्या पेशींना कळतं आणि मिनिटांत जनुकं चालू-बंद व्हायला लागतात. जॅनेट ब्राम आणि रोनाल्ड डेव्हिस हे दोघं ॲरॅबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या छोट्या रोपट्यावर संप्रेरक फवारून कुठली जनुकं जागी होतात ते शोधत होते. नुसतं पाणी फवारलेल्या कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठी ठेवलेल्या, झाडांतही तीच जनुकं चढलेली दिसली. पाऊस, वारा, हाताचा स्पर्श, काहीही पुरत होतं. १० ते ३० मिनिटांत काही जनुकांचा एमआरएनए, म्हणजे प्रथिन बनवायचा संदेश नेणारा आरएनए, शंभर पटीपर्यंत वाढत होता. हे त्यांनी १९९० मध्ये छापलं. आपण त्या पानाला नुसतं शिवत नाही, तोडून घेतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. प्रयोगशाळेत झाडाला पाण्याचा ताण देण्याची जुनी पद्धत म्हणजे रोप उपटायचं आणि फिल्टर पेपरवर सुकत ठेवायचं. कंट्रोलची पानं तोडून, पिशवीत घालून, तीन तास एसटीनं आणली तर तुम्ही कंट्रोललाच ताण दिलेला असतो. मग दोन्ही गटांत फरक दिसत नाही म्हणून प्रायमरला (मशीनमध्ये नेमकं जनुक पकडणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याला) दोष देऊन काय उपयोग?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीच्या मामांचं परतूरकडं शेत आहे. ऑगस्टात पावसानं तीन आठवडे ओढ दिलेली. मामांची अर्धी तूर ठिबकवर, अर्धी कोरडवाहू, वाण एकच, पेरणी एकाच दिवसाची. मुद्दाम मांडूनही इतका चांगला प्रयोग जमला नसता. पोरगी मेहनती. सकाळी आठला तिनं ठिबकाच्या पट्ट्यातली पानं घेतली. मग मामींनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. कोरडवाहू पट्ट्यात ती दीडला गेली. दोन्ही नमुने थर्मासमध्ये बर्फात घालून संध्याकाळी लॅबवर आली.

आकडे आले तेव्हा एक उष्णता-धक्क्याचं जनुक बारा पटीनं वर. तिचा आनंद गगनात मावेना. प्रकरण लिहून झालं, आलेख रंगवून झाले. मी सहज विचारलं, "नमुने किती वाजता घेतले, ते कुठं लिहिलंय?" कुठंच लिहिलेलं नव्हतं. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी आठची तूर आणि भर दुपारी दीडची तूर, यांची तुलना दुष्काळाची होत नाही, उन्हाची होते. त्यात वनस्पतीचं जैविक घड्याळ वेगळंच. ॲरॅबिडॉप्सिसमध्ये जवळपास एक तृतीयांश जनुकं दिवसाच्या वेळेप्रमाणे चढउतार करतात, पाणी असो वा नसो.

पाऊस अजून आलेला नव्हता, म्हणून आम्ही आठ दिवसांनी परत गेलो. एक जण या पट्ट्यात, दुसरी त्या पट्ट्यात, फोन कानाला, आणि एका मिनिटात दोन्हीकडची पानं गोठवायला लिक्विड नायट्रोजनमध्ये. बाराची पट दुपटीच्याही आत आली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मलाही वाईट वाटलं, कारण वेळ लिही हे मी तिला आधी सांगायला हवं होतं. पण खरा आकडा तोच होता आणि तिनं तोच प्रबंधात छापला. याचा मला आजही अभिमान आहे.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. ॲल्युमिनियम फॉइलच्या पुड्या घरीच बनवून, नावं घालून न्यायच्या. झाडावरून पान ते नायट्रोजन, मनात वीस अंक मोजायचे. विसाच्या पुढे गेलं की ते पान टाकून द्यायचं आणि शेजारच्या झाडाचं घ्यायचं. वेळ, ऊन, ढग, वारा, सगळं वहीत.

"सर, शेतात लिक्विड नायट्रोजन कुठून आणायचा?" हा पुढचा प्रश्न. अरे, गावोगावी कृत्रिम रेतनाच्या कांड्या त्यातच ठेवलेल्या असतात. आपल्या भागातल्या जनावरांच्या डॉक्टरांना भेटा, त्यांचा कंटेनर भरायला गाडी कधी येते ते विचारा. मी तसंच सुरू केलं. मात्र तो उणे १९६ अंशांचा द्रव आहे आणि त्याचा वायू झाला की सुमारे सातशे पट फुगतो. घट्ट झाकणाच्या भांड्यात कधीच नाही, काचा बंद केलेल्या गाडीतही नाही. तो मिळालाच नाही तर आरएनए टिकवणारं द्रावण वापरा, पण पान अख्खं बुडवू नका. पानावर मेणाचा थर असतो, द्रावण आत जायला वेळ लागतो. बारीक चिरून टाका.

आणि खलात कुटताना घाई नको. खल, बत्ता, चमचा, सगळं आधी नायट्रोजननं गार करायचं. नीट गोठलेल्या पानाची भुकटी फिकट हिरवी, ज्वारीच्या पिठासारखी कोरडी असते, चमचा हलवला की उडते. ती गडद हिरवी दिसायला लागली, कडेला ओलसर चिकटली, की समजा वितळली आणि आरएनए खाणारे एन्झाइम कामाला लागले. हे एन्झाइम चिवट. रायबोन्युक्लिएज ए उकळून काढलं तरी गार झाल्यावर पुन्हा घडी घालून उभं राहतं. गडद झालेली भुकटी "चालेल" म्हणून पुढं नेणाऱ्याला मी बाकी काही शिकवत नाही, आधी परत कुटायला लावतो.

एमआरएनए वाढला नाही म्हणून प्रथिनाचा संबंध नाही, असं लिहू नका

ही चूक डोक्यातली आहे, म्हणून जास्त घातक. पोरं एमआरएनए मोजतात आणि थेट लिहितात, "या जनुकाचा दुष्काळाशी संबंध नाही."

पानाला पाणी कमी पडलं की ॲबसिसिक आम्ल हे संप्रेरक वाढतं आणि पर्णरंध्रं मिटतात. हे कसं घडतं ते २००९ मध्ये उलगडलं, जेव्हा शॉन कटलर आणि एर्विन ग्रिल यांच्या गटांनी या आम्लाची ग्राहक प्रथिनं शोधली. ग्राहकाला आम्ल चिकटलं की तो पीपी२सी नावाच्या फॉस्फेटेजला, म्हणजे फॉस्फेट काढणाऱ्या एन्झाइमला, धरून ठेवतो. हे फॉस्फेटेज एरवी ओएसटी१ या कायनेजला, म्हणजे फॉस्फेट चिकटवणाऱ्या एन्झाइमला, दाबून बसलेलं असतं. ते बाजूला झालं की ओएसटी१ मोकळं होतं, रक्षक पेशींच्या पटलातल्या मार्गिकेवर फॉस्फेट चिकटवतं, ऋण आयन बाहेर पडतात, पेशी सैल होतात आणि रंध्र मिटतं. या सगळ्यात एकही नवं प्रथिन बनवावं लागत नाही. सगळं सामान आधीच पेशीत हजर, फक्त कोण कुणाला धरून आहे ते बदललं. ओएसटी१चा एमआरएनए मोजून त्याची पात्रता ठरवणार असाल, तर पर्णरंध्र मिटवणारा मुख्य गडीच तुमच्या यादीतून गळतो.

माणसाच्या पेशीतही तेच. २०१९चं नोबेल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना ज्या शोधासाठी मिळालं, त्यातलं एचआयएफ-१ अल्फा हे प्रथिन पेशी सतत बनवतच असते. ऑक्सिजन भरपूर असला की त्यावर खूण होते आणि काही मिनिटांत ते मोडीत निघतं. ऑक्सिजन कमी झाला की मोडणं थांबतं. बनवण्याचा वेग तोच, नियमन मोडण्यावर. आणि २०२४चं नोबेल ज्या सूक्ष्म आरएनएसाठी अँब्रोस आणि रुवकुन यांना मिळालं, त्याची सुरुवातच याच कोड्यातून झाली. मिलिमीटरभर लांबीच्या कृमीत लिन-१४चं प्रथिन कमी होत होतं, एमआरएनए मात्र जागच्या जागी. १९९३ मध्ये उत्तर मिळालं की २२ अक्षरांचा लिन-४ आरएनए त्या संदेशाला चिकटून प्रथिन बनूच देत नाही.

म्हणून "एमआरएनएच्या पातळीवर फरक आढळला नाही" इतकंच लिहा. प्रथिनाचं म्हणणं असेल तर प्रथिन मोजा. कायनेज असेल तर त्यावर फॉस्फेट आहे का ते बघा. वेळ लागतो, खर्च होतो, अँटिबॉडी महाग असते. तेवढी तयारी नसेल तर दावा लहान ठेवा, त्यात कमीपणा काही नाही.

बाकीच्या, पटापट

एका झाडाचा आरएनए तीन खाचांत घातला म्हणजे तीन नमुने होत नाहीत. तो एकच नमुना. झाडं तीन तरी घ्या, मी पाच घेतो.

तुलनेचं संदर्भ जनुक म्हणून ॲक्टिन सगळे वापरतात, पण त्यामुळे तुमच्या ताण दिलेल्या तुरीत ते स्थिर असेलच असं नाही. दोन-तीन संदर्भ जनुकं आधी तपासा.

पीसीआरची कार्यक्षमता शंभर टक्के धरून चालू नका. प्रत्येक फेरीला दुपटीऐवजी १.९ पट झालं, तर तीस फेऱ्यांअंती हिशेब साडेचार पटीहून जास्त चुकतो. खरी कार्यक्षमता दाखवणारी प्रमाण-रेषा काढायला एक दिवस लागतो. तो काढा.

रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनएची प्रत काढणारं एन्झाइम) न घातलेली एक नळी लावाच, नाहीतर तुम्ही नमुन्यात राहिलेला पेशीचा डीएनएच मोजून बसाल.

पीसीआरनंतर डीएनए तापवून काढलेल्या मेल्टिंगच्या आलेखात दोन शिखरं दिसली की प्रायमर फेका.

आरएनए वेगळा काढताना व्हिडिओ पाहून अर्धं फिनॉल घालणं, सेंट्रिफ्यूज पंधराऐवजी पाच मिनिटं फिरवणं, असले शॉर्टकट मला अजिबात पटत नाहीत. वाचलेली दहा मिनिटं पुढे पंधरा दिवस खातात. वरचा थर उचलताना मधल्या पांढऱ्या पडद्याला टोक लागू देऊ नका. शेवटचे शंभर मायक्रोलिटर तिथंच सोडा.

आणि फ्रीझर. आपल्याकडं रात्रीची लाइट जाते, सकाळी आकडा पुन्हा उणे ऐंशी दिसतो आणि कुणालाच काही कळत नाही. मी एका छोट्या डबीत पाणी गोठवून त्यावर रुपयाचं नाणं ठेवलंय, नमुन्यांच्या शेजारीच. नाणं तळाला गेलेलं दिसलं तर आत सगळं वितळून पुन्हा गोठलंय, त्या नमुन्यांवर पुढचा पैसा घालू नका. नाणं वर असलं तरी तापमान उणे वीसपर्यंत चढून आलेलं असू शकतं, म्हणून लाइट गेल्याची वेळ वॉचमनमामांना दारावरच्या कागदावर लिहायला सांगितली आहे. ते न चुकता लिहितात.