पोरं पुण्याला का जातात? बेळगावच्या आयटी कंपन्यांनो, या चुका टाळा

राजीनामा आला की टिळकवाडीतल्या छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाचं उत्तर ठरलेलं: "पुण्यात जास्त पैसे मिळाले." बऱ्याचदा हे निदान अर्धवट असतं. हिशोबच मांडून बघा. पुण्यात हातात 60,000 आले, तरी भाडं, मेस, पेट्रोल आणि गावाकडच्या फेऱ्या यांत 18-20 हजार सहज जातात. इथं घरी राहून 42,000 मिळत असतील तर शिल्लक जवळपास तेवढीच. तरीही माणूस गेला, तर कारण कामात शोधा. दोन वर्षं एकाच जुन्या पीएचपी प्रकल्पातले बग काढणाऱ्याला बायोडेटात लिहायला नवं काही उरत नाही. आठवड्याचे 4 तास नव्या कामाला द्या आणि ते टाइमशीटमध्ये दाखवा. "वेळ मिळाला तर शीक" म्हटल्यावर तो वेळ कधीच मिळत नाही.

दुसरी चूक घड्याळाची. न्यूयॉर्कची सकाळी 10 ची मीटिंग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला असते, नोव्हेंबर ते मार्च साडेआठला. खानापूर किंवा निपाणीहून ये-जा करणाऱ्याची तेवढ्यात गाडी चुकते. अशा मीटिंगा आठवड्यात दोनच ठेवा, त्या घरून करू द्या आणि दुसऱ्या दिवशी दोन तास उशिरा येण्याची मुभा द्या. रात्रीचा सपोर्ट एकाच्याच गळ्यात मारू नका. किमान चौघांत पाळी लावा, भत्ताही ठरवा.

चहाच्या टपरीवर मराठीत निर्णय होतो आणि टीममधल्या हुबळीच्या सहकाऱ्याला तो थेट कोड रिव्ह्यूत, म्हणजे लिहिलेला कोड तपासताना कळतो. यात कुणाचा वाईट हेतू नसतो, पण तो सहकारी वर्षभरात जातो. निर्णय त्याच दिवशी टिकेटवर, म्हणजे त्या कामाच्या ऑनलाइन नोंदीत लिहा.

सीटीसी, म्हणजे कंपनीला कर्मचाऱ्यावर येणारा वर्षाचा एकूण खर्च, फुगवून दाखवणं तर सगळीकडेच चालतं. मूळ पगाराच्या 4.81 टक्के ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना मिळणारी रक्कम) त्यात धरतात. कायम नोकरीत ती साधारण 5 वर्षांनंतरच हाती येते. 26,000 मूळ पगारावर 5 वर्षांचे 75,000 होतात. ऑफर लेटरमध्ये हातात येणारी रक्कम वेगळ्या ओळीत लिहा. पहिल्या पगाराला झालेला अपेक्षाभंग पुढच्या वाढीनं भरून निघत नाही.

बाँडच्या, म्हणजे ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरायच्या कराराच्या भरवशावर बसू नका. प्रशिक्षणाच्या खर्चापुरता वाजवी बाँड टिकू शकतो. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका बँकेचा 2 लाखांचा बाँड वैध ठरवला. पण नोकरी सोडल्यावर स्पर्धक कंपनीत जायला बंदी घालणारं कलम भारतीय करार कायदा 1872 च्या कलम 27 पुढे सहसा टिकत नाही. मूळ मार्कशीट अडकवून ठेवणं किंवा अनुभवपत्र रोखणं तर स्वतःच्या पायावर धोंडा. कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ही बातमी दिवसभरात फिरते आणि पुढच्या वर्षी प्लेसमेंटला चांगली मुलं अर्जच करत नाहीत.

राजीनाम्यानंतर 30 टक्के वाढ देऊन थांबवू नका. शेजारच्या टेबलावरच्याला लगेच कळतं की वाढ मागायची पद्धत हीच. त्यापेक्षा दर महिन्याला प्रत्येकाशी अर्धा तास दोघांतच बोला आणि एवढंच विचारा: कोणतं काम नकोसं झालंय?