शाउट अ‍ॅट की शाउट टू? एका छोट्या शब्दात माणसाची वागणूक बदलते

आमच्या परभणीकडं पोरं इंग्रजीचे शब्द लई पाठ करायलेत, पण माणसं एकमेकांशी कशी वागतात हे सांगताना क्रियापदाच्या पुढं येणाऱ्या अ‍ॅट, टू असल्या छोट्या शब्दावर घसरतात. माझ्या भाच्यानं निबंधात लिहिलं, माय ग्रँडफादर शाउटेड अ‍ॅट मी. आता आजोबांनी तर बांधावरून हाक मारलेली, ए बाळा हुरडा भाजलाय, गरम हाय तोवर ये! अ‍ॅट लावलं की आजोबा खेकसले असा अर्थ होतो, लांबून ऐकू जावं म्हणून ओरडले तर शाउटेड टू मी. थ्रोचं पण तसंच, थ्रो टू म्हणजे समोरच्यानं झेलावं म्हणून टाकणं आणि थ्रो अ‍ॅट म्हणजे लागावं म्हणून भिरकावणं. लाफ अ‍ॅट म्हणजे कुणाला हसणं, लाफ विथ म्हणजे सोबत हसणं.

म्हणून वहीत नुसतं शाउट म्हणजे ओरडणे असं लिहू नका, पुढचा शब्द जोडून अख्खं वाक्य लिहा आणि ते घरातल्या खऱ्या माणसावर बसवा, मग विसरत नाही. लुक अप टू म्हणजे मनापासून मानणं, ते मोठ्या ताईसाठी. लुक डाउन ऑन म्हणजे कमी लेखणं. पुट अप विथ म्हणजे सहन करणं, खोलीतल्या पार्टनरचं रात्रीचं घोरणं आठवा. टर्न युवर बॅक ऑन तर सरळ आपलं पाठ फिरवणंच हाय, ते पाठ करायची गरजच नाही.