रमजानचे रोजे: घरोघरी होणाऱ्या या चुका टाळा

रमजानात आपलं चुकतं ते बहुतेक वेळा दोन ठिकाणी. जिथे दीनने, म्हणजे धर्माने, सवलत दिली आहे तिथे आपण हट्टाला पेटतो, आणि जिथे काटेकोर राहायला सांगितलं आहे तिथे ‘चालतंय की’ म्हणून सोडून देतो.

वेळापत्रक दुसऱ्याच गावाचं

चांद दिसायच्या आधीच कुणीतरी सेहरी-इफ्तारच्या (पहाटेचं जेवण आणि सूर्यास्ताला रोजा सोडणं) वेळांच्या तक्त्याचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतं आणि सगळं घर त्यावर चालायला लागतं. तो तक्ता कुठल्या शहराचा, हे बघितलंच जात नाही. नागपूर मुंबईच्या बरंच पूर्वेला आहे, त्यामुळे तिथे दिवस वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. मुंबईच्या वेळेवर नागपुरात सेहरी केली तर सुबह सादिक (खरी पहाट) झाल्यावरही जेवण चालूच राहील. तो रोजा होणार नाही, नंतर कझा, म्हणजे भरपाईचा रोजा, ठेवावा लागेल. मुंबईत नागपूरचा तक्ता लावला तर सूर्य मावळायच्या आधीच रोजा सुटेल. कोल्हापूर आणि मुंबईतला फरक पाच-सहा मिनिटांचाच, पण सूर्यास्ताआधी एक मिनिटही चालत नाही.

म्हणून आपल्या मोहल्ल्यातल्या मशिदीचाच तक्ता घ्या आणि त्यावरचं वर्षही बघा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा तक्ता निरुपयोगी. ‘फज्रची (पहाटेच्या नमाजाची) अजान संपेपर्यंत खाता येतं’ हा समजही सोडा. अजान वेळेवर होत असेल तर ती सुरू होते तेव्हाच सेहरीची वेळ संपलेली असते.

आजारपणातला हट्ट

कुरआनातल्या सूरह बकराच्या १८५व्या आयतीत आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजे नंतर पुरे करण्याची मुभा दिली आहे. त्याच आयतीत म्हटलं आहे की अल्लाहला तुमच्यासाठी सोपेपणा हवा आहे, त्रास नव्हे. तरीही मधुमेह असलेली दादी सकाळची गोळी परस्पर बंद करते आणि घरातलं कुणी तिला हटकत नाही.

दुपारी चार वाजले की तिचा हात थरथरतो, कपाळावर घाम येतो, बोलण्यात गोंधळ होतो. आजूबाजूचे म्हणतात, ‘आता थोडाच वेळ राहिलाय.’ तिथे थांबू नका, लगेच साखर तपासा. बोट टोचून रक्ताचा थेंब काढल्याने रोजा तुटत नाही, हे घरातल्या प्रत्येकाला सांगून ठेवा. साखर ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेली तर रोजा तिथेच सोडायचा. साखर खाली गेली असेल तर पटकन साखरपाणी किंवा सरबत द्या. वर गेली असेल तर पाणी द्या आणि डॉक्टरांना गाठा. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन उपाशीपोटी साखर फार खाली नेतात. डोस कधी आणि किती घ्यायचा हे रमजानच्या आधीच्या शाबान महिन्यातच डॉक्टरांना विचारून ठरवा. ज्यांना पुढेही रोजे जमणार नाहीत, त्यांच्यासाठी फिदया आहे: एका रोज्यामागे एका गरजूचं जेवण.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांनाही स्वतःच्या किंवा बाळाच्या प्रकृतीची भीती असेल तर मुभा आहे. सासरी काय म्हणतील या भीतीने रोजे ठेवायला लावू नका.

विसरून पाणी प्यालात तर रोजा तुटत नाही. आठवताच थांबा आणि रोजा पुढे चालू ठेवा. ‘आता तुटलाच’ म्हणून जेवायला बसणं, ही खरी चूक.

कढईपाशी अडकलेली बाई

इफ्तारच्या वेळी रोजेदाराची दुआ कबूल होते, असं आपण मानतो. नेमक्या त्या वेळी घरातली अम्मी किंवा सून कुठे असते? भजी तळत. मगरिबची (सूर्यास्ताच्या नमाजाची) अजान झाल्यावर ती उभ्या उभ्या एक खजूर तोंडात टाकते आणि पुन्हा कढईकडे वळते. पहाटे सगळ्यांत आधी तीच उठलेली असते. मला ही या महिन्यातली सगळ्यांत मोठी चूक वाटते. कलिंगड कापणं, सरबत करणं, दस्तरखान मांडणं मुलं आणि पुरुष सहज करू शकतात. तळण रोज नको. खजूर, फळं, उकडलेले चणे आणि पाणी पुरतं. अजानच्या दहा मिनिटं आधी गॅस बंद झालाच पाहिजे.

तळणावर ताव मारला की तरावीहला (रमजानातल्या रात्रीच्या नमाजाला) उभं राहणं जड जातं आणि रात्री पाणीही पोटात जात नाही. इफ्तारपासून सेहरीपर्यंत थोडं थोडं पाणी प्या. सेहरीला लोणचं-पापड टाळा. सेहरी अजिबात न करता झोपून राहू नका. ती सुन्नत, म्हणजे पैगंबरांची रीत, आहे.

जकात अंदाजाने, फित्रा उशिरा

जकात, म्हणजे मालमत्तेतून द्यायचं सक्तीचं दान, अडीच टक्के, हे सगळ्यांना पाठ आहे. पण मुदत ठेव, येणं असलेली उधारी, दुकानातला विकायचा माल हे हिशेबात धरलं जात नाही. हनफी घरांत (हनफी आणि शाफई या शरियतच्या दोन विचारधारा) बायकांच्या दागिन्यांवरही जकात आहे. शाफई मतात रोजच्या वापरातल्या दागिन्यांवर नाही. कोकणातली बरीच घरं शाफई आहेत, तेव्हा आपल्या इमामांना विचारा आणि वहीत लिहून हिशेब करा.

फित्राही, म्हणजे ईदनिमित्त गरजूंना द्यायचं दान, दोघांकडे वेगळा. हनफींकडे माणशी पावणेदोन किलोच्या आसपास गहू किंवा त्याची किंमत, शाफईंकडे अडीच-तीन किलो रोजच्या खाण्यातलं धान्य, म्हणजे कोकणात तांदूळ. तो ईदच्या नमाजाआधी द्यायचा असतो, आणि बरेच जण तो ईदगाहच्या वाटेवर देतात. त्या सकाळी मिळालेल्या पैशांतून गरजूच्या घरात शीरखुर्म्याचं दूध-शेवया कधी येणार? तीन-चार दिवस आधीच पोहोचवा.