गावाहून लंडनले किती तास लागते, ते बरोबर कसं काढायचं

सप्टेंबर आला की आपल्या यवतमाळ-वाशिमकडचे कितीतरी पोट्टे-पोट्टी शिकायले इंग्लंडले निघतात आणि घरी पहिला प्रश्न हाच, किती तास लागते. सगळे सांगतात साडेनऊ. अहो तो फक्त मुंबई ते लंडन विमानाचा आकडा आहे, आईबाबांनी हिशोब घराच्या दारापासून धरायचा.

आधी अंतर पाहू. मोबाईलच्या गूगल मॅपवर नागपूर एअरपोर्टवर बोट दाबून धरा, पिन पडली की खाली अंतर मोजायचा ऑप्शन दिसते, मग नकाशा सरकवत लंडनच्या हीथ्रो एअरपोर्टवर न्या. सरळ अंतर साधारण 7,470 किमी येते. पण नागपूरहून लंडनले डायरेक्ट विमान नाही, म्हणून तुकडे जोडा. मुंबईवरून 680 आणि 7,210, म्हणजे 7,890. दिल्लीवरून 850 आणि 6,730, म्हणजे 7,580. दिल्ली 300 किमीनं जवळ पडते कारण पृथ्वी गोल आहे आणि जवळची वाट उत्तरेकडून जाते. पण पाकिस्ताननं एप्रिल 2025 मध्ये भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी आपलं आकाश बंद केलं, त्यांना वळसा पडते, त्यामुळं नुसते किलोमीटर पाहून तिकीट काढू नका.

वेळेसाठी किलोमीटरले 850 नं भागा आणि चढण्या-उतरण्याचा अर्धा तास मिळवा. मुंबई-लंडन 9 तास येते. वर हवेचे जोरदार प्रवाह पश्चिमेकडून पूर्वेकडं वाहतात, ते जाताना समोरून लागतात, म्हणून जायले साडेनऊ-दहा लागते आणि यायले कमी.

आता घड्याळ, इथंच लोक फसतात. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या-त्या गावची लिहिलेली असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागं, हिवाळ्यात साडेपाच, बदल मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होते. समजा सप्टेंबरात दुपारी 2 ले मुंबईहून सुटलं आणि संध्याकाळी 7 ले लंडनले उतरलं, दिसतात 5 तास, त्यात साडेचार मिळवा, झाले साडेनऊ. परत येताना तेवढेच वजा करायचे. वेळेपुढं +1 असलं तर दुसऱ्या दिवशी पोचते.

आणि तारीख नीट वाचा बाप्पा! आपल्या डोक्यात दिवस उजाडला की तारीख बदलते, तिकिटावर रात्री 12 लेच बदलते. 13 तारीख 01:30 लिहिलं असलं तर 12 च्या रात्री दहा-साडेदहालेच एअरपोर्टवर पाहिजे.

मग सगळं जोडा. गावाहून नागपूर 3 तास, तिथं 2 तास आधी, मुंबईचं विमान दीड, मुंबईत मध्ये 4, मोठं विमान साडेनऊ, लंडनले इमिग्रेशन आणि बॅगा दीड. साडेएकवीस तास, आणि तिथून कॉलेजच्या गावाची बस-ट्रेन वेगळीच. मुंबईतले 4 तास कमी करू नका, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढली असतील तर बॅगा घेऊन परत चेक-इन करावं लागते, टर्मिनलही बदलू शकते, आणि पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी थांबत नाही. जमलं तर एकाच पीएनआरवर, म्हणजे दोन्ही विमानं एकाच बुकिंगमध्ये, बुक करा, दोन-तीन हजार जास्त गेले तरी चालते.