टोकणं, तोडणं आणि मध्ये बोलणं: सभेत काय म्हणाल?

नेरुळमध्ये संध्याकाळी मी मोठ्या माणसांना मराठी शिकवते. बहुतेक मल्याळी, तमिळ, गुजराती. बाजारात त्यांचं मराठी छान चालतं, पण सोसायटीच्या सभेत कुणी मध्ये बोललं की गडबड होते.

टोकणे म्हणजे चुकतंय असं वाटून मध्येच बोलणं. खजिनदार हिशेब वाचतायत आणि तुम्ही म्हणालात, 'ती थकबाकी मार्चची नाही, एप्रिलची', की तुम्ही त्यांना टोकलंत. त्यासाठी समोरचा बोलतच असायला हवा असं नाही. रिक्षा उलट्या बाजूने घातली म्हणून रिक्षावाल्याला बोललात, तेही टोकणंच. माणसाला 'ला' किंवा 'ना' लावायचं: मला टोकू नका, तिने त्यांना टोकलं. टोकणारे चार असोत की एक, बाई असो की पुरुष, 'टोकलं' तसंच राहतं; फक्त 'तू' असेल तर 'टोकलंस' आणि 'तुम्ही' असेल तर 'टोकलंत'.

तोडणे वेगळं. माणसाला नाही, त्याचं बोलणं तोडतात. 'माझं बोलणं तोडू नका', 'त्यांनी माझं वाक्य अर्ध्यावर तोडलं.' माझ्या वर्गातल्या एक बाई पाण्याच्या बिलावर बोलायला उभ्या राहिल्या आणि 'मला तोडू नका' म्हणाल्या. सगळे हसले, त्या खाली बसल्या. मुद्दा अगदी बरोबर होता, तो तसाच राहिला. त्या हसण्याचा मला अजून राग येतो. आणि 'तोडून बोलणं' हे निराळंच: समोरच्याच्या मनाला लागेल असं बोलणं.

वॉचमन गेटवर 'कुणाकडे जायचंय?' विचारतो, ते हटकणं. सभेत या शब्दाचं काम नाही.

टोकण्यात अधिकार येतो. आजी नातवाला टोकते. नातवाने आजीला टोकलं तर घरात 'मोठ्यांना टोकू नये' ऐकायला मिळतं. म्हणून सभेत ज्येष्ठांना 'मी तुम्हाला टोकते' म्हणू नका, 'एक गोष्ट लक्षात आणून देते' म्हणा. (कुणी बाहेर निघताना 'कुठे चाललात?' विचारणं हेही टोकणंच समजतात, बरं का. कामाला निघालेल्या शेजाऱ्याला नुसतं 'या जाऊन' म्हणावं.)

स्वतःला मध्ये बोलायचं असेल तर वाक्य संपू द्या, आणि मग: 'काका, मध्येच थांबवते हं, एवढा आकडा तपासू या.' तो 'हं' गाळू नका, सगळा मऊपणा त्यातच आहे. आकडा झाला की लगेच 'हं काका, बोला पुढे.' विषयपत्रिकेवर नसलेलं काही घुसडत असतील तर मात्र सरळ 'अध्यक्ष, हरकतीचा मुद्दा आहे' म्हणून उभं राहा. विधानसभेतही 'हरकतीचा मुद्दा' असंच म्हणतात.

आणि तुम्हालाच कुणी अडवलं, तर आवाज न चढवता म्हणा: 'माझं पूर्ण होऊ द्या, मग तुम्ही बोला.' पुन्हा अडवलं तर पुन्हा तेच, उभं राहूनच.