केमोथेरपी चालू असलेल्या मुलाला घरी ताप आला तर: सोलापुरातील पालकांसाठी

लहान मुलांमध्ये सर्वाधिक आढळणारा कॅन्सर म्हणजे रक्ताचा, आणि त्यातही अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. त्याचे उपचार साधारण दोन ते अडीच वर्षे चालतात आणि त्यातील बराच काळ मूल घरीच असते. आमच्या मुलीचे उपचार मुंबईत झाले. तिथले डॉक्टर कितीही चांगले असले तरी रात्री दीड वाजता सोलापुरात अंग तापले, तर पहिले पाऊल घरच्यांनाच उचलावे लागते, म्हणून या एका गोष्टीची तयारी ताप येण्याआधीच करून ठेवावी, असे मी प्रत्येक नव्या पालकाला कळकळीने सांगते.

केमोथेरपीमुळे पांढऱ्या पेशी कमी होतात आणि जंतुसंसर्गाशी लढणाऱ्या न्यूट्रोफिल पेशी ५०० च्या खाली गेल्या, तर साधा वाटणारा ताप काही तासांत जिवावर बेतू शकतो. रक्ताच्या रिपोर्टवर हा आकडा वेगळा छापलेला नसेल, तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्केवारीने गुणून १०० ने भागावे. पांढऱ्या पेशी १२०० आणि न्यूट्रोफिल ३० टक्के असतील, तर उत्तर ३६० येते, म्हणजे मूल धोक्याच्या पातळीत आहे. प्रत्येक तपासणीनंतर हा आकडा तारखेसह वहीत लिहून ठेवावा.

तापाचा अंदाज कपाळाला हात लावून घेऊ नये. घरात डिजिटल थर्मामीटर असावा, तो काखेत लावावा आणि गुदद्वारातून ताप कधीही मोजू नये. १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस, हा नेहमीचा इशाऱ्याचा आकडा आहे, पण उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळावा. स्टेरॉइड चालू असताना संसर्ग होऊनही ताप चढेलच असे नाही, त्यामुळे हुडहुडी भरणे, हातपाय गार पडणे किंवा मूल एकाएकी मलूल होणे यालाही तापाइतकेच महत्त्व द्यावे. डॉक्टरांशी बोलण्याआधी पॅरासिटामॉल देऊ नये, कारण ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. आयबुप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन तर देऊच नये. गल्लीतल्या दवाखान्यात कमरेत सुई मारून घेण्याची सवय आपल्याकडे जुनी आहे, पण रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी कमी असताना त्या सुईमुळे स्नायूत रक्तस्राव होऊ शकतो, हे आजी-आजोबांनाही समजावून सांगावे.

मूल ठणठणीत असेल त्या आठवड्यातच सोलापुरात एक बालरोगतज्ज्ञ आणि चोवीस तास उघडे असणारे एक रुग्णालय ठरवून टाकावे. सिव्हिल असो वा खासगी, तिथे आधी जाऊन मुलाची फाइल दाखवावी आणि ताप आल्यास कोणते अँटिबायोटिक शिरेतून सुरू करायचे, याचे मुंबईच्या डॉक्टरांकडून आणलेले पत्र देऊन ठेवावे. त्या पत्राची प्रत, डिस्चार्ज कार्ड, ताजा रिपोर्ट, मुलाचे कपडे आणि थोडे रोख पैसे एका पिशवीत भरून ती दाराजवळ टांगावी. विडी घरकुल किंवा अक्कलकोट रोडकडून मध्यरात्री रिक्षा मिळेलच असे नाही, त्यामुळे ओळखीच्या रिक्षावाल्याला आधीच सांगून ठेवावे. वडील यंत्रमागावर रात्रपाळीला असतील, तर मागांच्या खडखडाटात फोन ऐकू येत नाही, म्हणून कारखान्याच्या मालकाचा किंवा जॉबरचा नंबरही भिंतीवर लिहावा.

रुग्णालयात पोहोचताच केसपेपरच्या रांगेत थांबू नये. "मुलाला केमो चालू आहे, ताप आला आहे, पेशी कमी असू शकतात," हे तीन तुकडे तातडीच्या विभागातल्या पहिल्या डॉक्टरांना किंवा सिस्टरना स्पष्ट सांगावेत. पोहोचल्यापासून तासाभराच्या आत अँटिबायोटिकचा पहिला डोस जावा, असा वैद्यकीय संकेत आहे, आणि त्याची नम्रपणे पण ठामपणे आठवण करून देण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे.

ताप टाळण्यासाठी घरात घेण्याच्या काळजीत सोलापुरात पाण्याचा क्रम पहिला लागतो. नळाला काही दिवसांआड पाणी येत असल्याने ते साठवावेच लागते, त्यामुळे मुलाचे पिण्याचे पाणी खळखळून उकळावे, झाकून ठेवावे आणि लांब दांड्याच्या ओगराळ्यानेच काढावे. जेवण ताजे व गरम असावे. तोंड आले असेल तर कडक भाकरी टोचते, अशा वेळी ज्वारीच्या कण्या किंवा मऊ भात द्यावा. शेंगा चटणी मुलाला आवडत असेल, तर चांगल्या शेंगदाण्यांची थोडी थोडी घरीच करावी, कारण बुरशी धरलेले शेंगदाणे अपायकारक असतात. गड्ड्याच्या यात्रेची गर्दी त्या वर्षांपुरती टाळावी. घरात किंवा शेजारी कोणाला कांजिण्या झाल्या आणि मूल त्यांच्या संपर्कात आले, तर पुरळ दिसण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. पल्स पोलिओच्या वेळी घरी येणाऱ्या ताईंना उपचारांची कल्पना द्यावी. आजारी मुलाला तोंडावाटे डोस देऊ नये आणि भावंडांच्या डोसाबद्दलही आधी डॉक्टरांना विचारावे.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी योजनेत असलेल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडे करावी आणि लहान मुलाचे नाव रेशनकार्डावर चढले आहे का, ते लगेच पाहावे. उपचारांसाठीच्या रेल्वे प्रवासात रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत पूर्ण, तर सोबतच्या एका व्यक्तीला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठीचा रुग्णालयाच्या सही-शिक्क्याचा फॉर्म मुंबईहून निघतानाच पुढच्या फेरीसाठी घ्यावा.

ताप उतरून घरी सोडताना दोन प्रश्न विचारल्याशिवाय निघू नये: केमोच्या गोळ्या कोणत्या दिवसापासून पुन्हा सुरू करायच्या आणि पुढची रक्ततपासणी केव्हा करायची. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या बहुधा आठवड्यातून एकदाच असतात आणि चुकून रोज दिल्यास त्या विषासारख्या ठरतात, त्यामुळे तो वार डॉक्टरांकडूनच वहीत लिहून घ्यावा आणि गोळ्या देण्याचे काम घरातल्या एकाच माणसाकडे ठेवावे.